पाण्याखालचा कॅमेरा आणि ऑक्सिजनचं किट: खडशी (महसीर मासे) मोजायला वापरलं, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांब आहे. ज्यांना फक्त घ्यायचं की नाही एवढंच पाहिजे त्यांनी हे वाचा आणि जा: गळ टाकायच्या आधी खाली मासा आहे का बघायचं असेल तर कॅमेरा घ्या, पैसे वसूल आहेत. नदीतले मासे मोजायचे म्हणून घेणार असाल तर पुढचं सगळं वाचा, कारण मी तेच करायला गेलो आणि एप्रिलमध्ये स्वतःचंच हसू करून घेतलं.

आमचं गाव साताऱ्याकडं, कृष्णेला मिळणाऱ्या एका छोट्या नदीवर. नदीचं आणि डोहाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की पुढच्या रविवारी चार गाड्या गळ घेऊन हजर होतात, हे एकदा झालंय. डोहाच्या काठावर देवीचं ठाणं आहे त्यामुळं तिथला मासा गावात कुणी मारत नाही. महाडजवळची वाळण कोंड बऱ्याच जणांनी बघितली असेल, काळ नदीवरची, वरदायिनीचं देऊळ आहे तिथं, चुरमुरे टाकले की हे मोठाले मासे वर येतात. तसलंच आमचं, फक्त लहान, आणि झुलता पूल वगैरे काही नाही. मासा तोच, महसीर. आमच्याकडं खडशी म्हणतात, काही गावात खडची, कुठं कुडीस. इंग्रजांच्या काळात कर्नल साईक्स नावाचा माणूस दख्खनचे मासे गोळा करत फिरला, त्यानं १८३९ मध्ये या माशाला शास्त्रातलं नाव दिलं ते खुद्री, आपल्या लोकांच्या तोंडचंच नाव उचललं त्यानं. आणि त्याला तो मासा कुठं मिळाला माहितीये, पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवर, मुळा-मुठेत. आता तिथल्या नदीला काय वास येतो ते मांजरी-थेऊरकडं राहणाऱ्यांना विचारा.

तर गेल्या दिवाळीत मी, चुलतभाऊ आणि पुतणी (अकरावी सायन्स, तिचा प्रोजेक्टही होऊन जाईल म्हणून) असं ठरलं की नुसतं "पूर्वी लई मासं होतं" म्हणण्यापेक्षा आकडे काढू. ऑनलाइन मागवलं: एक पाण्याखालचा कॅमेरा केबलवाला, एक ऑक्सिजन तपासायचं थेंबांचं किट, एक टीडीएसचा पेन, आणि बॅग मोजायचा हुकवाला डिजिटल काटा. सगळं मिळून दहा हजाराच्या थोडं वर गेलं, त्यातले सात हजार नुसते कॅमेऱ्याचे. कंपनीचं नाव विचारू नका, डब्यावर एक, कॅमेऱ्यावर दुसरं आणि बिलावर तिसरंच आहे.

कॅमेरा. पेरूएवढा गोळा, त्याला पुढं काच आणि भोवती बारीक लाइट, पंधरा मीटर केबल एका चकरीवर गुंडाळलेली आणि वर हातात धरायचा छोटा स्क्रीन. चित्र चांगलं आहे, खरंच चांगलं, डिसेंबरच्या निवळ पाण्यात दीड-दोन मीटरवरच्या माशाचं खवलं न् खवलं दिसतं. पहिल्यांदा सोडला तेव्हा आम्ही तिघंही दहा मिनिटं मोजायचं विसरून नुसतं बघत बसलो. खालनं एक खडशी आली, काचेला ओठ लावला, मिशा दिसल्या चार, आणि निघून गेली. तात्या (आमचे मोठे चुलते, वय पंच्याहत्तर, तरुणपणी पाग म्हणजे फेकायचं जाळं टाकण्यात पटाईत) स्क्रीनकडं बघून म्हणाले, "आरं, हिला मी वळखतो," आणि हे गंमत म्हणून नाही, तिच्या शेपटीचा वरचा कोपरा तुटलेला होता.

आता वाईट गोष्टी. बॅटरी पाच तास लिहिलंय, तीनच्या पुढं एकदाही गेली नाही. बॅटरी पूर्ण उतरली की तारीख परत २०१८ ला जाते, दर वेळी. तुम्हाला वाटेल तारखेचं काय एवढं, पण मासे मोजण्यात कुठला व्हिडिओ कुठल्या दिवशी किती वाजता काढला यावरच सगळं असतं, आमचे नोव्हेंबरचे दोन व्हिडिओ कुठल्या सकाळचे यावरनं चुलतभावाशी भांडण झालं. त्यावर आम्ही काढलेला उपाय: रेकॉर्डिंग सुरू केलं की पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर पाटी धरायची, खडूनं तारीख-वेळ लिहिलेली. फुकटचा उपाय आणि कधी फेल गेला नाही. लाइट लावू नका, लाइट लावला की मोठे मासे सरकतात आणि बारकी चिलापी गोळा होते. आणि केबल जिथं गोळ्यात शिरते तिथलं रबर कच्चं आहे. दुसऱ्या महिन्यात आत वाफ धरली. कस्टमर केअरला फोन केला तर पोरगा विचारतो, "सर प्रॉडक्ट पाण्यात वापरलं होतं का?" मी म्हटलं पाण्याखालचा कॅमेरा आहे बाबा. तो म्हणाला पाण्यात वापरल्याचं आढळलं तर वॉरंटी लागू होत नाही. शेवटी गावातल्या पंपवाल्याकडनं सिलिकॉन मारून घेतलं, चाळीस रुपये, तेव्हापासून ठीक आहे.

आता मुद्द्याचं, मोजणी. कॅमेरा खाली सोडला आणि वीस मिनिटं रेकॉर्ड केलं तर तोच मासा दहा वेळा समोरनं जातो, तो दहा मासे म्हणून लिहिला की झालं, तुमच्या नदीत मासेच मासे. यावर शास्त्रज्ञ लोक जे करतात ते साधं आणि हुशारीचं आहे: अख्ख्या व्हिडिओत एका चौकटीत एका वेळी जास्तीत जास्त किती मासे दिसले तेवढाच आकडा धरायचा. एका फोटोत चौतीस दिसले म्हणजे चौतीस वेगवेगळे आहेतच, यात वाद नाही. जास्त असतील, कमी नक्की नाहीत. "कमीत कमी एवढे" हा आकडा. कॅमेरा तेवढंच सांगू शकतो, आणि डब्यावर "फिश काउंटिंग" म्हणून जे छापलंय ते शुद्ध थाप आहे.

तेसुद्धा सरळ होत नाही. एकच चौकट आम्ही तिघांनी स्वतंत्र मोजली: माझे ३१, पुतणीचे ३४, चुलतभावाचे २७. मग पॉज करून स्क्रीनवर मार्करनं ठिपके देत मोजले तर ३४. पोरीची नजर बरोबर होती. तेव्हापासून नियम, दोघांनी वेगळं मोजायचं, न जुळलं तर तिसऱ्यानं.

आमिषाचा वेगळा घोळ. काही न टाकता कॅमेरा सोडला तर कधी नऊ मासे कधी दोन. कणकेचा गोळा बांधला की वीस-तीस. मग खरं काय? खरं काहीच नाही, पण दर वेळी तेवढाच गोळा, त्याच दगडापाशी, त्याच वेळेला, तेवढीच मिनिटं, असं केलं तर निदान एका वेळेची दुसऱ्या वेळेशी तुलना करता येते. आम्ही पहिल्या दोन वेळा गोळ्याचं वजनच नव्हतं केलं, ते व्हिडिओ तुलनेला बाद. शिवाय आमच्या डोहावर दर मंगळवारी-शुक्रवारी भाविक चुरमुरे टाकतात, त्या दिवशी मासे आधीच काठाला जमलेले असतात आणि भरल्या पोटी कॅमेऱ्याकडं ढुंकून बघत नाहीत. म्हणून आता फक्त बुधवारी सकाळी.

माशाची लांबी काढायची म्हणून आम्ही पीव्हीसी पाइपला दहा-दहा सेंटीमीटरवर लाल पट्टे मारून तो कॅमेऱ्यासमोर बांधला. कल्पना भारी वाटत होती. पण मासा पाइपच्या मागं असला की छोटा दिसतो, पुढं असला की दांडगा, आणि पाण्यात सपाट काचेतनं सगळंच जवळ आणि मोठं दिसतं ते वेगळं. मग फक्त पाइपला जवळजवळ घासून जाणारे मासेच मोजायचे असं ठरलं, वीस मिनिटांत असे चार-पाच मिळतात. लांबी म्हणून लिहू नका, "वीतभर, हातभर, त्याहून मोठा" असे तीन गट करा, प्रामाणिक राहतं.

ऑक्सिजनचं किट. हे मात्र मनापासून आवडलं आणि यावर कुणी लिहीत नाही. छोटी काचेची बाटली असते, ती पाण्याखालीच भरून बुडबुडा न राहू देता बंद करायची, मग दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, तपकिरी साका धरतो. साका पांढराच राहिला तर समजा पाण्यात ऑक्सिजन नाही. मग तिसरं औषध टाकलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं (हे ॲसिड आहे, पोरांच्या हातात देऊ नका, माझ्या पँटला भोक आहे), मग स्टार्च टाकलं की निळं, आणि शेवटच्या औषधाचे थेंब मोजत टाकायचे, निळा रंग गेला की थांबायचं. आमच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम. पुतणीनं हे कॉलेजच्या लॅबमध्ये केलं होतं त्यामुळं ती आम्हाला शिकवत होती आणि तिचा रुबाब बघण्यासारखा होता.

इथं एक गोष्ट जी किटच्या कागदावर कुठंच लिहिलेली नाही. वेळ. दुपारी शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात ऑक्सिजन सोडतात, त्यामुळं दुपारी तीनला कुठल्याही डबक्याचा आकडा चांगला येतो. रात्रभर तेच शेवाळ, मासे, चिखलातले जंतू सगळे मिळून तो खातात, आणि सगळ्यात कमी असतो तो पहाटे. माशाचा जीव जातो तो पहाटेच्या आकड्यानं. एप्रिलमध्ये आम्ही एकाच दिवशी पहाटे सव्वासहाला मोजला तर साडेचार, दुपारी तीनला आठ. त्यातून गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमागं ९ मिलिग्रॅम मावतो तर ३० अंशाला साडेसातच. बहुतेक माशांना पाचच्या खाली त्रास सुरू होतो, आणि खडशी तर वाहत्या, खडकाळ, स्वच्छ पाण्याचा मासा. म्हणजे दुपारी जाऊन "पाणी उत्तम" असा रिपोर्ट देणारा कुणी भेटला तर त्याला विचारा, पहाटे गेला होतात का. मी स्वतः पहिले दोन महिने दुपारीच जात होतो, थंडीत कोण उठणार पहाटे.

टीडीएसचा पेन बंडल आहे, म्हणजे पेन चालतो, पण या कामाला त्याचा उपयोग नाही. आरओवाल्यांनी लोकांच्या डोक्यात भरवलंय की टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध. तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो. पाण्यात ऑक्सिजन आहे का, कुणी वर औषध टाकलंय का, यातलं काही त्याला कळत नाही. ज्या दिवशी मासे मेले त्या दिवशीसुद्धा पेननं नेहमीच्याच आसपासचा आकडा दाखवला होता.

हो, मेले. मार्चच्या शेवटी वरच्या अंगाला कुणीतरी ब्लिचिंग पावडर टाकली, मासेमारीसाठीच, हे आमच्या भागात होतं आणि तुमच्याही होत असेल. देवीच्या डोहापर्यंत येईस्तोवर जोर कमी झाला होता म्हणून वाचलं, तरी तीन खडशी पोट वर करून काठाला लागल्या. मग हुकवाला काटा बाहेर काढला. एक किलो साखरेच्या पुड्याला तो ९९० ग्रॅम दाखवतो, म्हणजे ठीक. सगळ्यात मोठी मादी, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत ५२ सेंटीमीटर, वजन १४८० ग्रॅम.

आता यातनं काय काढायचं. मासा तब्येतीनं कसा आहे हे बघायचा जुना हिशोब आहे, वजन ग्रॅममध्ये गुणिले शंभर, भागिले लांबीचा घन. हिचं आलं १.०५. लांबी तेवढीच आणि वजन जास्त तर आकडा वर जातो, मासा खात्यापित्या घरचा. वाळलेला असला की खाली. पण एक आकडा एकटा काही बोलत नाही. त्याच जातीच्या, त्याच डोहातल्या, त्याच ऋतूतल्या पाच-पन्नास माशांचे आकडे वहीत असतील तर हा मासा त्यांच्यात कुठं बसतो ते कळणार, आणि माशांच्या जाती-जातीत अंगकाठी वेगळी त्यामुळं रोहूशी किंवा चिलापीशी तुलना करण्यात अर्थ नाही. आमच्याकडं तीनच आहेत, तेही मेलेले. जिवंत मासा पकडून मोजायचा तर मत्स्य विभागाची परवानगी, शिकलेला माणूस आणि ओल्या हाताची सवय पाहिजे, कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा चिकट थर जातो आणि मग बुरशी धरते. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

कॅमेरा तब्येतीच्या बाबतीत मात्र मोजणीपेक्षा जास्त कामाला आला, हे माझ्या अपेक्षेच्या उलट. कल्ल्यांजवळ कापसासारखी पांढरी बुरशी, अंगावर लाल व्रण, झिजलेले पर, आत गेलेलं पोट, चपट्या उवा (माशालाही उवा होतात, पारदर्शक, बटणासारख्या) हे सगळं थांबवून थांबवून बघता येतं. १९८८ मध्ये भारतात माशांच्या व्रणांची मोठी साथ पसरली होती, तात्यांना तसले व्रण पडलेले मासे आठवतात, बाजारात कुणी मासा घेईना झालं होतं म्हणाले. आमच्या डोहात जानेवारीत चौतीसपैकी दोघांना बुरशी दिसली, बाकी धडधाकट.

आता माझ्या फजितीचं. नोव्हेंबरचा आकडा ३४, जानेवारीत पण ३४, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ६१! मार्चमध्ये तीन मेलेले असूनसुद्धा. मी तर गावच्या ग्रुपवर टाकूनच मोकळा झालो, "देवीच्या कृपेने मासे जवळपास दुप्पट". सत्तर अंगठे आले. तात्यांनी संध्याकाळी बोलावून घेतलं, म्हणाले, "येड्या, वरचं सगळं पाणी आटलं की रं, तितलं मासं जाणार कुठं?"

वरची दोन किलोमीटर नदी कोरडी पडली होती. तिथल्या सगळ्या खडशी सरकत सरकत उरलेल्या या एका डोहात येऊन बसल्या. मासे वाढले नव्हते, नदी कमी झाली होती. आणि ज्या आठवड्यात माझा आकडा सगळ्यात मोठा होता त्याच आठवड्यात पहाटेचा ऑक्सिजन साडेचारवर आला होता, म्हणजे सगळ्यात जास्त मासे सगळ्यात वाईट पाण्यात, एका ब्लिचिंगच्या पुडीवर सगळे. ग्रुपवरचा मेसेज मी डिलीट केला पण तोवर तो शेजारच्या गावात पोचला होता.

माझं सोडा, मोठमोठ्यांचं होतं. कावेरीवर कर्नाटकात गलिबोरेला गळवाल्यांचा कॅम्प होता, मासा पकडायचा, वजन लिहायचं, परत सोडायचा. १९९८ ते २०१२ अशी त्यांची वही आहे, सहा हजारांहून जास्त महसीर, त्यातला मोठा शेहेचाळीस किलोच्या वर. नंतर शास्त्रज्ञांनी ती वही उघडून बघितली तर दर तासाला मिळणारे मासे वर्षागणिक वाढत होते. ऐकायला किती छान. पण सरासरी वजन उतरत होतं, आणि रंग-आकारावरनं वेगळं केल्यावर दिसलं की वाढतोय तो निळ्या परांचा महसीर, म्हणजे आपलीच खडशी. तिचं बी, म्हणजे बारकी पिल्लं, लोणावळ्याच्या हॅचरीतनं नेऊन तिथं सोडलेलं होतं. आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक, तो वहीतनं जवळजवळ गायब होत गेला. गंमत बघा, ज्या माशासाठी इंग्रजांच्या काळापासून जगभरचे शिकारी तिथं यायचे त्याला शास्त्रातलं पक्कं नाव कुठलं हेच २०१८ पर्यंत ठरलं नव्हतं. ते ठरलं, रेमादेवी, आणि त्याच वर्षी आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत तो थेट "अतिसंकटग्रस्त" झाला.

लोणावळ्याच्या लोकांना नावं ठेवत नाही. डॉ. सी. व्ही. कुलकर्णींनी तिथं महसीरचं बी कृत्रिमरीत्या तयार करून दाखवलं, टाटांची हॅचरी सत्तरच्या दशकापासून चालू आहे, आणि आपली खडशी लाल यादीत "धोक्यात" होती ती आता "कमी चिंतेची" झालीय. चांगलंच आहे की. फक्त यादी पूर्ण जातीची असते, आमच्या डोहाची नसते. अख्ख्या दख्खनमध्ये आणि बाहेरही खडशी मिळते म्हणून तिची चिंता कमी, आणि मुळा-मुठेत जिथनं साईक्सनं ती उचलली तिथं जाऊन कॅमेरा सोडा, काचेवर काळं पाणी दिसेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

तर एकूण किती मासे हे खरं काढायचं तर कसं, असं दोघा-तिघांनी विचारलं होतं म्हणून थोडक्यात. खूण करून सोडायचे. समजा तीस पकडले, खूण केली, सोडले. आठवड्यानं परत चाळीस पकडले, त्यात सहा खुणेचे निघाले. म्हणजे चाळीसात सहा, शंभरात पंधरा. तीस मासे म्हणजे पंधरा टक्के, तर एकूण दोनशेच्या आसपास. डोकं चालवलंय ना? पण मधल्या काळात कुणी आत-बाहेर गेलं नाही, खूण पडली नाही, खुणेचा मासा बुजून जाळं टाळत नाही, हे सगळं गृहीत धरलेलं आहे, आणि आमच्या डोहातले मासे एकदा पकडले की वर्षभर चुरमुऱ्यालासुद्धा येणार नाहीत असं तात्यांचं म्हणणं. ते काम जाणकारांचं, परवानगीनं. आता तर नुसतं पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरनं कुठली जात आहे ते सांगतात, पण त्यानं डोकी मोजता येत नाहीत.

आणि एक प्रश्न ज्याला या कॅमेऱ्याकडं उत्तरच नाही: पिल्लं. खडशी पावसाळ्यात वर चढून गोट्या-वाळूच्या उथळ धारेत अंडी घालते, कटला-रोहूच्या मानानं अंडी कमीच. पिल्लं नोव्हेंबरात बोटभर असतात आणि उथळात असतात, डोहात नाही, तिथं गेली तर मोठे खातील. डोहात चौतीस म्हातारे आहेत आणि पिल्लू एक नाही असं असेल तर तो डोह म्हणजे वृद्धाश्रम. कॅमेरा घोटाभर पाण्यात नीट बुडतसुद्धा नाही. यासाठी आम्ही गावच्या फॅब्रिकेटरकडनं पत्र्याच्या बादलीचं बूड कापून काच बसवून घेतली, साडेतीनशे रुपये. बादली पाण्यावर टेकवायची आणि आत बघायचं, लाटेची चमक जाते आणि तळ आरशासारखा दिसतो. नोव्हेंबरात वरच्या धारेत पिल्लांचे दोन थवे दिसले, बाजूवर काळसर ठिपका असलेली इतर बारकी मासळी पण होती, ती वेगळी ओळखायला तात्या लागले. दहा हजारांच्या सामानात सगळ्यात महत्त्वाची माहिती देणारी वस्तू ही, साडेतीनशेची बादली.

तर मार्क. कॅमेरा मासे मोजायला पाचपैकी अडीच, तब्येत बघायला चार. ऑक्सिजनचं किट साडेचार, अर्धा पँटचा कापला. काटा तीन. पेन एक. बादली पाचपैकी पाच. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवा, पाणी गढूळ झालं की काही दिसत नाही. गढूळपणा मोजायला स्टीलच्या ताटलीवर काळा-पांढरा रंग मारून दोरीनं सोडा आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजा, आमच्याकडं मीटरच्या खाली आली तर त्या दिवशी कॅमेरा काढतच नाही.

विकायचा विचार होता खरं, एकानं पाच हजार देतो म्हटलं पण होतं. पण मे महिन्यात तात्यांच्या विहिरीतली मोटर पाणी उचलेना, फुटव्हॉल्व्ह कुठं अडकलाय कळेना, आणि विहिरीत उतरणारा माणूस दीड हजार मागत होता. कॅमेरा सोडला, चार मिनिटांत दिसलं, व्हॉल्व्हच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी, आणि शेजारी २०१५ ला हरवलेली तांब्याची घागर. तेव्हापासून कॅमेरा तात्यांच्या घरी असतो, बुधवारी सकाळी मला मागून आणावा लागतो.